सगळं आहे, तरी मन लागत नाही, मग करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३७, मूळ गाव गोव्यात पेडण्याकडे, पर्वरीत फ्लॅट, वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी, बायको शिक्षिका, मुलगी दुसरीत. कर्ज आहे पण हप्ते वेळेवर जातात, घरात भांडण नाही, तब्येत बरी. तरी सकाळी डोळे उघडले की "आज परत तेच" असं वाटतं, रविवारी संध्याकाळी तर जीव नुसता उदास होतो. लोक म्हणतात गोंयकार सुखी, मग मलाच काय झालंय, रोजच्या जगण्यात आनंद आणि अर्थ शोधायचा तरी कसा. आणि या सगळ्यात जाता जाता एक वाक्य, की आधी गावच्या भजनात पखवाज वाजवायचो, नऊ वर्षं झाली सुटून, आता वेळ कुठे मिळतो.

ते पखवाजाचं वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय, त्यावर शेवटी येते.

मी फोंड्याला गेली २३ वर्षं समुपदेशन करतेय. तुमच्यासारखं बोलणारी माणसं आठवड्याला दोन-तीन तरी माझ्यासमोर बसतात आणि त्यातली बरीचशी पहिलं वाक्य हेच म्हणतात की मॅडम, तसं तक्रार करण्यासारखं काही नाही. म्हणजे तक्रार करायचीही चोरी, कारण सगळं आहे ना. आधी ती चोरी सोडा. पोट भरलेल्या माणसालाही ही पोकळी जाणवते, ती खरी असते, आणि ती जाणवली म्हणून तुम्ही कृतघ्न ठरत नाही.

दुसरं, पुढचं काही वाचण्याआधी स्वतःला एकदा तपासून घ्या. मन लागत नाही हे एक, आणि डिप्रेशन हे वेगळं. गेले दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटतंय, आधी आवडायचं तेही आवडेनासं झालंय, झोप मोडतेय किंवा झोपूनच राहावंसं वाटतंय, भूक गेलीय, आपण कशाला लायक नाही असं वाटतंय, मरणाचे विचार येतायत, असं काही असेल तर माझं हे लिहिलेलं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही सांगता येतं, आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास चालतो, फुकट आहे. थायरॉइड आणि बी-१२ पण एकदा बघून घ्या, मी प्रत्येकाला हे सांगते, कारण थायरॉइड मंदावल्याने आलेला थकवा घेऊन माणसं सहा-सहा महिने आयुष्याचा अर्थ शोधत बसलेली मी पाहिलीत.

हे सगळं नाहीये असं धरून पुढे बोलते.

आधी हे होतं का, ते सांगते, कारण कारण कळलं की स्वतःला दोष देणं कमी होतं. माणसाचं मन सवयीचं आहे. फ्लॅटची किल्ली हातात आली त्या दिवशी तुम्ही किती खूश असाल, आता त्याच दारातून आत येताना काही वाटतं का? नाही वाटत, कुणालाच वाटत नाही. १९७८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, इलिनॉय राज्याची मोठी लॉटरी लागलेली २२ माणसं आणि त्यांच्याच आसपास राहणारी, लॉटरी न लागलेली २२ माणसं. लॉटरीवाले फारसे जास्त सुखी निघाले नाहीत हे तर झालंच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, कुणी कौतुक केलं, असल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांना शेजाऱ्यांपेक्षा कमी वाटत होता. छोटा अभ्यास आहे, २२ माणसांवरून जगाचं ठरवू नये, पण माझ्या खोलीत मी हे वरचेवर बघते. मोठी गोष्ट मिळाल्यावर लहान गोष्टी फिक्या पडतात, आणि दिवस तर लहान गोष्टींचाच असतो.

त्यात मन कधी जागेवर नसतं. २०१० मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी मोबाइलवरून २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि मन भटकत असताना लोक कमी सुखी होते. तुमचा पर्वरी ते वेर्णा आणि परतीचा प्रवास आठवा, ट्रॅफिकमध्ये शरीर गाडीत आणि मन उद्याच्या ऑडिटमध्ये. घरी आल्यावर शरीर सोफ्यावर आणि मन मोबाइलमध्ये दुसऱ्याच्या फिरायला गेलेल्या फोटोंत. असा दिवस संपला की काय झालं ते आठवतही नाही, मग "आज परत तेच" वाटणारच ना.

आता सुशेगादबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही गोंयकार सुखी म्हणालात. हा पोर्तुगीज सोसेगादोवरून आलेला शब्द, निवांत असा त्याचा अर्थ, आणि बाहेरची माणसं तो गोव्याच्या नावाला चिकटवून मोकळी झालीत. मी सावर्ड्याकडची, माझ्या लहानपणी दुपारी जेवून पडणारी माणसं पहाटे पाचला उठलेली असायची, शेत, गुरं, बागायत करून दमलेली असायची, तो विसावा कमावलेला होता म्हणून गोड होता. तुम्ही रविवारी दुपारी पडता तेव्हा अंग थकलेलं नसतं, डोकं थकलेलं असतं, आणि डोक्याचा थकवा पडून राहण्याने जात नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. रविवार संध्याकाळची उदासी बऱ्याचदा इथून येते, दिवसभर काही ठरवलेलं नाही, काही झालं नाही, आणि आता तर सोमवारच येतोय.

मग करायचं काय. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं, की मन लागलं की करू असं म्हणत थांबू नका, आधी करा, मन मागाहून लागतं, आणि करायचं ते शक्यतो अशा ठिकाणी करा जिथे तुम्ही गेला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

पहिला अर्धा भाग माझ्या पदरचा नाही, त्याला भक्कम आधार आहे, आणि तो आधार आपल्या गोव्यातला आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. संगाथ नावाची संस्था, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे सुरू केलेली. त्यांनी गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डिप्रेशन असलेल्या ४९५ लोकांवर अभ्यास केला, तो २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठका, आणि बैठका घेणारे कोण, तर मानसशास्त्राची डिग्री नसलेली, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. बैठकांत काय करायचं, तर त्या माणसाला हळूहळू परत त्याच्या रोजच्या कामांत, माणसांत, आवडीत नेऊन बसवायचं, एवढंच मुख्य. तीन महिन्यांनी बैठकावाल्यांपैकी ६४ टक्के लोक त्या आजारातून बाहेर आले होते, बाकीच्यांत हे प्रमाण ३९ टक्के. आता बघा, एवढ्या जड उदासीला जी गोष्ट हलवते ती तुमच्या-माझ्या मन न लागण्याला उपयोगी पडणार नाही का?

मी ज्याने सुरुवात करायला सांगते ती एक साधी वही आहे. सात दिवस, दर दोन-तीन तासांनी, काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे दोन आकडे टाकायचे, ० ते १०, पहिला मजा किती आली याचा, दुसरा आपल्या हातून काही झालं असं किती वाटलं याचा. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे, सगळी गंमत त्यात आहे. कारण काही गोष्टींत मजा असते पण हातून काही झाल्यासारखं वाटत नाही, काहींत मजा अजिबात नसते, म्हणजे बाथरूम घासणं, वडिलांना दवाखान्यात नेऊन दोन तास बाकावर बसणं, पण रात्री दुसरा आकडा मोठा निघतो. सात दिवसांनी वही उघडली की माणसं गप्प होतात. एक तरुण मुलगा आला होता, त्याने शनिवारी रील्स बघण्याचे तीन तास लिहिले होते, आकडे २ आणि ०, आणि त्याच दिवशी आईला नारळ सोलून दिले त्याचे ६ आणि ८, नारळ सोलायला लागली होती वीस मिनिटं. मी काही बोललेच नाही, तो स्वतःच वहीकडे बघत बसला होता. मोबाइल वाईट म्हणून त्याला आधी घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

वही झाली की पुढच्या आठवड्यात मोठा आकडा देणाऱ्या एक-दोन गोष्टी दिवस आणि वेळ ठरवून टाकायच्या, मनाला विचारत बसायचं नाही. आणि ठरवताना अर्ध्याने ठरवा. रोज तासभर चालीन असं ठरवलेला माणूस गुरुवारी थांबतो, सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन येईन असं ठरवलेला महिनाभर चालतो आणि बऱ्याचदा गेटच्या पुढेही जातो. एखादा दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी परत ठरलेल्या वेळी.

आता दुसऱ्या अर्ध्या भागावर येते, तो मला जास्त जवळचा आहे. यात एका माणसाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डिचोलीकडचे गृहस्थ, दोन ट्रक होते, खनिजाची वाहतूक करायचे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभे राहिले. माझ्याकडे आले ते दोन वर्षांनी, तेही बायकोने हाताला धरून आणलं म्हणून. एक ट्रक विकला होता, मुलगा कामाला लागला होता, म्हणजे घर चाललं होतं. ते म्हणाले, "बाई, पैशांचं कसंबसं झालं हो, पण पहाटे चारला जाग येते आणि जायला जागाच नाही." वीस वर्षं चारला उठून लायनीत ट्रक लावायची सवय, ती शरीरातून गेली नव्हती. त्यांची वही भरली तर सोप्यावर बसून राहण्याचे दिवसाला दहा-अकरा तास निघाले, समोर ट्रक, टायरांभोवती गवत वाढलेलं, आणि हे बघत बसलेले.

मी त्यांना आयुष्याच्या अर्थाबद्दल एक शब्द बोलले नाही. चारला जाग येतेच आहे तर पाच वाजता कुठे हात लागतील का, एवढंच आम्ही शोधत होतो. शेजारी एक म्हातारे होते, ऐंशीच्या पुढचे, त्यांचं छोटं कुळागर होतं, सुपारी, नारळ, थोडी केळी, मुलं मुंबईला. ओहोळाचं पाणी पाटाने यायचं आणि ते पाळीप्रमाणे झाडांना फिरवायचं काम म्हाताऱ्यांना आता वाकून होत नव्हतं. तर हे कुदळ घेऊन पहाटे जायला लागले. पाटाचं तोंड मातीने बंद करायचं, आळ्याकडचं उघडायचं, एक आळं भरलं की पुढचं. पहिल्या आठवड्याचे आकडे १ आणि ३, मग २ आणि ५, असं. मला म्हणाले, मजा बिजा काही नाही बाई, पण तेवढा वेळ डोक्यात ट्रक येत नाही. बरोबर आहे, पाणी कुठून फुटतंय ते बघत असताना मन भटकायला मोकळं नसतं.

मग महिन्या-दीड महिन्याने त्यांना ताप आला आणि एक दिवस ते गेले नाहीत. सकाळी सातला ते म्हातारे काठी टेकत यांच्या दारात आले आणि विचारलं, "आज उदक कोण सोडटा?" एवढंच. हे मला सांगताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना शोधत आलं होतं, सहानुभूती दाखवायला नव्हे, त्यांच्यावाचून काम अडलं म्हणून.

त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न विचारते, तुम्हालाही विचारते. आठवड्यात अशी कुठली जागा आहे जिथे तुम्ही गेला नाहीत तर फोन येईल? नोकरी सोडून. नोकरीत बदली माणूस मिळतो, ते तसंच असायला हवं, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण बाकी कुठे? बऱ्याच लोकांना उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि हे लोक पाच-सहा व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात बरं का.

व्हिक्टर फ्रँकल नावाचे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, नाझी छळछावण्यांतून जिवंत परत आलेले. त्यांचं एक म्हणणं मी पुन्हा पुन्हा वापरते, की आयुष्याचा अर्थ काय हे माणसाने आयुष्याला विचारायचं नसतं, उलट आयुष्यच रोज आपल्याला विचारत असतं आणि उत्तर कामातून द्यायचं असतं. फार मोठ्या यातनांतून गेलेल्या माणसाचं बोलणं आहे, पण मला ते त्या म्हाताऱ्यांच्या दारातल्या प्रश्नात जसंच्या तसं ऐकू आलं. आणि हार्वर्डमध्ये १९३८ पासून आजवर चालू असलेला जो अभ्यास आहे, तरुण मुलांपासून म्हातारपणापर्यंत त्याच माणसांना विचारत गेलेला, त्याचंही सार हेच निघालंय की जवळची, भरवशाची माणसं असणं याचा म्हातारपणीच्या सुखाशी आणि तब्येतीशी मोठा संबंध आहे. पण नाती जपा, नाती जपा म्हणून ती जपली जात नाहीत. काहीतरी मिळून करावं लागतं, हाताला हात लागून.

माझंच सांगते. आई गेली त्यानंतरचं वर्षभर घरात सण नव्हते, आणि त्याच्या पुढच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मला मूळ घरी जायची अजिबात इच्छा नव्हती. लोकांना मन सावरायला शिकवणारी मी, आणि बॅग भरायला हात उचलत नव्हता. काकीचा फोन आला, म्हणाली केवणीचे दोर आणून ठेवलेत, माटोळी बांधायची आहे, तुझी आई बांधायची ती बाजू कोण बांधणार? माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगतात ती लाकडी चौकट. गेले. स्टुलावर चढले, खालून चुलतभाऊ एकेक वस्तू वर देत होता, सुपारीचा कात्रा म्हणजे अख्खा घड, नारळाचा घड, तोरिंजन, कांगलांचे घोस, आणि वरून मी दोर आवळत होते. सुपारीचा कात्रा दिसतो त्यापेक्षा जड असतो, एक हाताने तोलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने गाठ मारायची, आणि आईची गाठ कशी होती ते मला डोक्याने आठवत नव्हतं, बोटांना आठवलं. मध्येच भावाने काहीतरी म्हटलं आणि मी मोठ्याने हसले, आणि लगेच पोटात धस्स झालं की मी हसतेय. काकी खालून म्हणाली, हस गो, तिलाही हसूच यायचं इथे. दोन तास कसे गेले कळलं नाही. दुःख गेलं नव्हतं, ते त्या स्टुलावर माझ्यासोबतच होतं, पण त्या दोन तासांत त्याला शेजारी इतर गोष्टींना जागा द्यावी लागली. मला त्या दिवशी काही नवीन समजलं असं नाही, पण जे लोकांना सांगत होते ते अंगावरून गेलं.

म्हणून कुणी पॉझिटिव्ह विचार करा म्हणतं तेव्हा मला त्रास होतो. उदास माणसाला विचार बदल सांगणं म्हणजे ओल्या लाकडाला पेट म्हणण्यासारखं आहे, त्याला आधी वाळायला ऊन द्या. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा हा सल्लाही बरेच देतात, काहींना तो मानवतो, ज्यांना मानवतो त्यांनी जरूर करा, माझ्या अनुभवात पंधरा दिवसांत त्याचा होमवर्क होतो. त्यापेक्षा मी एकच गोष्ट सांगते, दिवसातली एक सवयीची गोष्ट निवडा आणि तेवढी पाच मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ती पूर्ण करा. आमच्याकडे संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला येतो, लांबून भोंगा ऐकू येतो, गरम पोळी, म्हणजे कोंडा लावलेला पाव, कागदातून हाताला लागते, ती मी उभ्या उभ्याच मोडते, कोंड्याचा वास येतो, आणि ती खाऊन होईपर्यंत मी दुसरं काही करत नाही. याने आयुष्य बदलत नाही. दिवसातला तेवढा तुकडा मात्र माझ्या हाती लागतो, आणि असे तीन-चार तुकडे झाले की रात्री आजचा दिवस कसा गेला ते आठवतं तरी.

तुमच्या नोकरीबद्दल थोडंच बोलते कारण तुम्ही तिच्याबद्दल फारशी तक्रार केली नाहीये. अमेरिकेत हॉस्पिटलच्या सफाई कामगारांवर एक अभ्यास झाला होता, काम तेच, पगार तोच, पण काहीजण स्वतःला पेशंट बरा करणाऱ्यांतलेच एक समजत होते आणि त्याप्रमाणे वागत होते, त्यांना काम जास्त अर्थाचं वाटत होतं. तुम्ही बॅचच्या कागदावर सही करता, ती गोळी कुणाच्या तरी आईच्या जिभेखाली किंवा पोटात जाते. महिन्यातून एकदा तरी आपल्या गोळ्या कुठे जातात, कशावर देतात, हे नीट विचारून घ्या, नव्याने लागलेल्या एखाद्या मुलाला शिकवा. एवढं पुरे, नोकरीकडून सगळा अर्थ मागू नका, तिला ते ओझं पेलत नाही.

घरी बायकोशी मात्र बोला. "मला असं असं होतंय" एवढं सांगून सुरुवात करा, त्यांच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे हे आधी स्पष्ट करा, कारण समोरच्याला पहिलं तेच वाटतं. आणि त्यांना विचारा की आठवड्यातल्या माझ्या कुठल्या वेळाची तुम्हाला खरंच गरज असते. माझ्याकडे आलेल्या बायकांची उत्तरं नवऱ्यांनी कल्पना केली होती त्यापेक्षा फार साधी निघाली आहेत, एकीने सांगितलं होतं की रात्री ओटा पुसताना नुसतं तिथे उभे राहा.

आता पखवाज.

नऊ वर्षं म्हणालात. तुमच्या सगळ्या प्रश्नात एवढ्या एकाच वाक्यात तुम्ही स्वतः काहीतरी करत होतात, बाकी सगळीकडे तुम्हाला काहीतरी होतंय किंवा मिळतंय. शिवाय हे काम असं आहे की त्यात वर सांगितलेलं सगळं एकदम येतं. बुवांनी अभंग उचलला की समेवर यावंच लागतं, तिथे मन उद्याच्या ऑडिटमध्ये जाऊच शकत नाही. झांजवाले, पेटीवाला, मागे साथ करणारे, सगळे एकमेकांकडे बघत असतात. आणि ठेका चुकला तर सगळ्यांना कळतं, तसा पखवाजी आलाच नाही तरी सगळ्यांना कळतं.

तुम्ही म्हणाल वेळ नाही. आठवड्याच्या भजनाला दोन तास आणि पर्वरीहून पेडण्याकडे जाऊन-येऊन दीड-दोन तास, म्हणजे चार धरा. आधी वही भरा आणि बघा आठवड्यात २ आणि ० चे चार तास निघतात का, मला वाटतं निघतील. दर आठवड्याला नाही जमलं तर पंधरा दिवसांनी, पण दिवस ठरलेला हवा आणि मंडळात सांगून ठेवलेला हवा, त्याशिवाय त्यांना वाट बघता येणार नाही. तुम्ही असंही म्हणाल की आता तिथे दुसरा कुणी पोरगा वाजवत असेल. असेल तर चांगलंच आहे, त्याच्या शेजारी झांज घेऊन बसा, त्याची परीक्षा असेल, नाइट शिफ्ट असेल, चवथीत त्याला दुसऱ्या गावी जायचं असेल, तुमची वेळ येते. हात बसलेला नसेल, बोटं दुखतील, पहिले दोन-तीन वेळा लय सुटेल, जुनी माणसं बघतील तुमच्याकडे. बघू देत. मी या वयाच्या कितीतरी माणसांना परत काहीतरी धरताना पाहिलंय, कुणी गावच्या जत्रेतल्या नाटकात दोन वाक्यांचं काम घेतलं, कुणी घुमट हे मातीचं वाद्य वाजवायला बसलं, आणि सगळ्यांना पहिल्या दिवशी हीच लाज वाटली, तिसऱ्या-चौथ्या वेळी ती कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती.

मुलीला सोबत न्या. दुसरीतली पोर दोन तास बसणार नाही, बाहेर अंगणात खेळेल, झोप आली की आजीच्या मांडीवर डोकं ठेवेल, ते सगळं चालेल.

आज संध्याकाळी मंडळातल्या कुणा जुन्या माणसाला फोन करा, फार काही सांगत बसू नका, या आठवड्यात येतो एवढंच सांगा. पखवाज घरात असेल तर माळ्यावरून काढा, नऊ वर्षांत वाद्या सैल झाल्या असतील, पुडी म्हणजे तोंडावरचं कातडं सुकलं असेल, म्हापशाला किंवा कुठेही दुरुस्त करणारा शोधून द्या, घाई करून स्वतः ठोकू नका. आणि डाव्या पुडीला लावायची कणीक आईला भिजवायला सांगा, किती सैल लागते ते त्यांच्या हाताला अजून माहीत असेल. मुलगी विचारेल हे पीठ का लावतात. सांगू नका, आधी कोरड्या पुडीवर तिला थाप मारायला द्या, मग कणीक लावून परत एकदा.